अकरावी ओळ

सकाळी साडेअकराला त्याने बॅकअपची स्क्रिप्ट चालवली. नवजात बाळांच्या काचपेट्यांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर आज बदलायचं होतं. त्याआधी प्रत्येक पेटीची एकेक ओळ जपून ठेवायची. मोजणी जुळली नाही तर स्क्रिप्ट पुढे हलायची नाही. ती अट त्यानेच घातली होती.

कक्षात: १०
नोंदीत: ११
थांबलो.

"सिस्टर, पेट्या नीट मोजल्यात ना?"

"दहाच आहेत हो. अकरावी काय खिशात घालून फिरतेय मी?"

त्याने स्वतः जाऊन मोजल्या. दहा. कोपऱ्यातली त्याच्या भाचीची. सव्वा किलोचा जीव, मधूनच श्वास घ्यायला विसरणारा. बाहेर बाकावर धाकटी बहीण बसून होती.

"दादा, भोंगे बंद नाही ना पडणार?"

"मी आहे ना, वेडे."

एक वाजता जुन्या सॉफ्टवेअरची मुदत संपत होती. मग भोंगे मुके. भाची श्वास विसरली तरी कुणाला पत्ता लागणार नव्हता.

कक्षात: १०
नोंदीत: ११
थांबलो.

बारा दहा. अकराव्या ओळीला ना नाव, ना पेटीचा क्रमांक. नुसते ठोके. १४२. १३९. १४४. ती ओळ ज्या जोडणीवरून येत होती, तिथे, भाचीच्या पेटीमागे, भिंतीत रिकामं भोक होतं. वायर नव्हतीच. त्याने बोट लावून पाहिलं.

कोमट.

बारा पस्तीस. हाताखालच्या कुणाला त्याने जे कधीच करू दिलं नसतं, ते त्याने केलं. जपलेली फाइल उघडली आणि अकरावी ओळ पुसून टाकली.

कक्षात: १०
नोंदीत: १०
जुळलं.

बारा बावन्नला अपग्रेड पुरं झालं. तो धावतच कक्षात गेला.

"सिस्टर, झालं!"

"सुटलो बाई. नऊच्या नऊ व्यवस्थित आहेत."

"दहा."

"नऊ हो. आज काय झालंय तुम्हाला?"

कोपऱ्यात स्वच्छ फरशी.

बाहेर बाक रिकामा.

त्याने बहिणीला फोन लावला. चार वेळा वाजला.

"दादा? कामाच्या वेळी कसा काय?" तिच्यामागे ऑफिसातला प्रिंटर चालू होता.

"बाळ..."

"कुणाचं बाळ?"

पलीकडे खुर्ची सरकली, दार लागलं, प्रिंटरचा आवाज बंद झाला.

"दादा, हसू नकोस हं," ती कुजबुजली. "मघापासून कुणाला सांगू कळत नाहीये. मला पान्हा फुटलाय."