पाणी आणायला गेलेला माणूस

कूलंट बदलायचं काम घाईचं नव्हे. इंजिन निवू द्यायचं, खालचा बोल्ट सैल करून जुनं हिरवं पाणी घमेल्यात उतरवायचं, साध्या पाण्यानं रेडिएटर धुवायचा, मग नवं भरायचं. झाकण उघडं ठेवून इंजिन चालवायचं, पोटातले बुडबुडे सरले की झाकण लावायचं. बमरोलीच्या गॅरेजात सुकलाल वीस वर्षं हेच करत आला होता. माणसाच्या बोलण्यावर त्याचा भरवसा नव्हता. बोटाला लागलेल्या ओलीवर होता.

आणि या व्हॅनखाली ओल नव्हती.

कूलंट कमी होतंय म्हणून महिन्यात तिसऱ्यांदा आली होती ती. व्हॅन त्याच्या थोरल्या भावाची, योगराजची. इच्छापोरच्या कारखान्यांत तो माणसं ने-आण करायचा. गेल्या आखाजीनंतर, अक्षय्य तृतीयेनंतर, आठव्या दिवशी भर दुपारी त्याचा फोन आला होता, "सुका, गाडी तापली रे. पाणी बघून येतो." तेवढंच. व्हॅन रस्त्याकडेला सापडली. बॉनेट उघडं, किल्ली जागेवर. योगराज नव्हता. सुकलालनं ऑइलपेंटनं गॅरेजचं नाव घालून दिलेला पांढरा कॅनही नव्हता.

आता ती व्हॅन गोपाल चालवायचा, सरलावहिनींनी ठेवलेला ड्रायव्हर.

"पुन्हा एक लिटर कमी," सुकलाल म्हणाला. "पानी जास कोठे, गोपाल?"

"सुकाभाई, मी चहा पिणारा माणूस. हे हिरवं सरबत मला पचेल का?"

"पचत नसेल, विकलं जात असेल."

गोपालचं हसू मावळलं. "तुम्ही वरून कुलूप लावा. मग तर झालं?"

सुकलालनं कुलूप नाही, बायकोची लाल नेलपॉलिश आणली. रेडिएटरचं झाकण, कूलंटच्या जोडबाटलीचं झाकण, खालचा बोल्ट, तिन्हींच्या कडेनं लाल रेघ ओढली. झाकण फिरलं तर रेघ तुटणार. शेवटी, कुणी नक्कल करू नये म्हणून, प्रत्येक रेघेवर तीन ठिपके दिले. ठिपक्यांचं त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

आठवड्यानं गाडी परत आली. रेघा अखंड. ठिपके जागच्या जागी. हवेचा दाब देऊन पाहिला, काटा हलला नाही, म्हणजे गळती नव्हती. आणि आत दीड लिटर कमी.

घरी बायकोनं, सुषमानं, ऐकलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"तहान लागलीय कुणाला तरी," ती म्हणाली.

"गाडीला तहान लागते का?"

"मी गाडीचं म्हटलं नाही."

वर्षाच्या आत गेलेल्या माणसाच्या नावानं आखाजीला घागर भरतात. वर खरबूज ठेवतात, नाव घेऊन पाणी पाजतात. सुषमाचं मन केव्हापासून त्यातच अडकलं होतं. पण सरलावहिनी ऐकत नव्हत्या. कपाळभर कुंकू लावून त्या एकच विचारायच्या, "भाऊजी, जित्या माणसाची घागर भरतात का?" घागर भरली की भाऊ मेला. वहिनींच्या कपाळावरचं कुंकू सुकलालला आपल्या हातानं पुसायचं नव्हतं.

तरी आखाजीच्या सकाळी गॅरेजच्या कोपऱ्यात, ओल्या वाळूवर, सुषमानं भरून ठेवलेली नवी घागर होतीच. ती खरबूज आणायला गेली होती. जाताना गुणगुणत होती,

भरली घागर, वाळू ओली गार,
कुणाच्या वाटेला उघडं ठेवू दार?

"नाव घेऊ नका," तिनं बजावलं होतं. "वहिनींना विचारल्याबिगर नाही."

दुपारी व्हॅन आली. गोपाल किल्ली ठेवून चहाला गेला. सुकलालनं रेघा खरवडल्या, जुनं कूलंट उतरवलं, बोल्ट परत आवळला. धुवायला पाणी हवं होतं. नळ कोरडा. पिंप कोरडं. ऊन असं, की पत्र्याला हात लावला तर कातडी सुटावी.

त्यानं घागर उचलली.

नाव कुठं घेतलंय अजून, त्यानं स्वतःला समजावलं. नावाशिवाय ते नुसतं पाणी.

रेडिएटर गटगट आवाज करत पाणी घेऊ लागला. हवा निघताना असा आवाज येतो. ते त्याला ठाऊक होतं. चार लिटर गेलं. पाच गेलं. त्याहून जास्त त्या पोटात मावत नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

घागर अर्धी झाली. पाणी जातच होतं.

त्यानं वाकून खाली पाहिलं. जमीन कोरडी.

"घे," घामानं डोळे चुरचुरत असताना तो वैतागून बोलून गेला, "घे योगराजदादा, पी एकदाचं!"

गटगट थांबली. घागर रिकामी होती.

त्यानं खालचा बोल्ट काढला. थेंबही आला नाही.

त्यानं बोल्ट परत आवळला. मग नवं कूलंट भरलं, मापात बरोबर बसलं. लाल रेघा ओढल्या, तीन-तीन ठिपके दिले. सुषमाला म्हणाला, घागर फुटली.

त्यानंतर कूलंट एक बोटभरही उतरलं नाही. आठ दिवस.

"बघा!" गोपाल म्हणाला. "माझ्यावर आळ घेत होतात."

नवव्या सकाळी सरलावहिनी नवागामच्या घरून स्वतः आल्या. पदर सावरलेला नव्हता, डोळे रडून लाल. पण चेहरा हसरा.

"भाऊजी, मी म्हणत नव्हते? आले होते ते. भेटले नाहीत, पण दाराशी ठेवून गेले."

त्यांनी पिशवीतून पांढरा कॅन काढला. उन्हानं पिवळटला होता. ऑइलपेंट उडालं होतं, पण अक्षर सुकलालचंच होतं. कॅन पाण्यानं गळ्यापर्यंत भरलेला, बाहेरून गार, घाम सुटलेला.

"आता तरी कुणी घागरीचं नाव काढू नका," वहिनी म्हणाल्या.

सुकलालनं कॅन हातात घेतला. झाकणाच्या कडेनं लाल रेघ होती. अजून ओली.

त्यावर तीन ठिपके होते.