उपरण्याखालचा हात

दोन सीटची गाडी घेणाऱ्या माणसाला लोक आधी विचारतात, बाकीच्यांना कुठे बसवणार? धर्मपाल तायडेला हा प्रश्न पडला नाही, कारण त्याच्या घरात माणसंच दोन होती. तो आणि त्याची माय जाईबाई.

बासष्ट सालची गोष्ट. धर्मपाल अमरावतीला बांधकाम खात्यात ओव्हरसियर होता. अकोल्याला एक विलायती गाडी विकायला आहे, ही बातमी रहमतुल्ला मिस्त्रीनं आणली. उघड्या टपाची, बुटकी, लांब नाकाची गाडी. कापूस कंपनीचा एक गोरा साहेब सत्तेचाळीस साली मायदेशी परतताना ती तिथल्या एका दलालाला विकून गेला होता. आता ती पुन्हा विकायला निघाली होती आणि स्वस्तात मिळत होती. वऱ्हाडात बैलांच्या दमणीत आठ माणसं बसतात, वर दोन पोती टाकतात. तिथे दोघांपुरती गाडी घेणार कोण?

ऑफिसात सगळे हसले. धर्मपालनं हसू दिलं. त्याला गाडीचा वेग नको होता, तिचा बुटकेपणा हवा होता. जाईबाईनं तीस वर्षं जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मांडी घालून सरकी निवडली होती आणि गुडघ्यांची माती करून घेतली होती. एस्टीची पायरी तिला चढवत नसे. छपन्न साली दीक्षेला ती रेल्वेच्या दाराशी उभ्यानं नागपूरला गेली होती, आणि त्यानंतर दर दसऱ्याला पुन्हा जायचं म्हणत असे. गुडघ्यांपायी ते राहूनच जाई. या गाडीत पाटावर बसावं तसं बसता येणार होतं. यंदा मायला नागपूरला न्यायचं, तेही स्वतःच्या गाडीत, एवढं एकच त्याच्या मनात होतं.

भाद्रपदातल्या एका रविवारी सकाळी दहाच्या सुमारास तो आणि रहमतुल्ला अकोल्यात किसनरावांच्या दारात उभे राहिले. साठीचा, सावकाश बोलणारा गृहस्थ. अंगणात निंबाखाली गाडी उभी होती. रहमतुल्लानं बॉनेट उघडून आत डोकं घातलं आणि धर्मपाल ओसरीवर टेकला.

"गाडी मायी नाही," किसनराव म्हणाले. "देवरावदादाची हाये. माया मोठा भाऊ. दलाली करे. दोन वर्सं झाले गेला."

"गाडीत काही...?"

"नाही जी. साखरेची बिमारी होती. आपल्या बिछान्यावर गेला." किसनरावांनी गाडीकडे पाहिलं. "बायकोसाठी घेतली होती त्यानं गाडी. गाडी दारात आली अन् त्याच महिन्यात वहिनी गेली. एक फेरीबी नाही झाली. मंग तेरा वर्सं एकटाच फिरला. बाजूच्या सीटवर कोणाले बसू देल्लं नाही."

धर्मपालला वाईट वाटलं, पण त्यात भिण्यासारखं काही वाटलं नाही. दीक्षा घेतली त्या दिवशी देवांबरोबर भुतांनाही त्यानं रामराम ठोकला होता.

मग किमतीची गोष्ट निघाली. कापसाच्या दलालाच्या घरी भाव तोंडानं बोलत नाहीत. मधे उपरणं पसरायचं, दोघांनी त्याखाली हात घालायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. त्या वेळी एकमेकांकडे बघायचं नाही. कोणी आभाळाकडे बघतो, कोणी विडी ओढतो, म्हणजे भोवतालच्यांना चेहऱ्यावरून काही कळू नये. समोरच्याचा भाव पटला नाही तर आपली बोटं दाबायची, पटला तर त्याचा पंजा घट्ट धरायचा. पंजा धरला की सौदा पक्का. मग त्यातून बापालाही मागे फिरता येत नाही. धर्मपालनं लहानपणी जिनाच्या फाटकावर हे शेकडो वेळा पाहिलं होतं.

किसनरावांनी उपरणं पसरलं. धर्मपालनं हात खाली सरकवला आणि रिवाजाप्रमाणे नजर अंगणात वळवली. समोर गाडीची डावी सीट दिसत होती. लाल चामड्याची, तेरा वर्षं कोणी न बसलेली, तरी बसून बसून दबलेली. तिथे माय बसलेली त्याला दिसली. पदर वाऱ्यानं फडफडतोय आणि ती हसतेय.

हातात हात आला. थंडगार. विहिरीचं पाणी काढून आल्यासारखा. धर्मपालनं आपली बोली बोटांनी सांगितली. मुद्दाम कमी सांगितली होती, पुढे वाढवावं लागणारच म्हणून. समोरून एकही बोट दाबलं गेलं नाही. तो हात नुसता त्याच्या हातावरून फिरला, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसा. त्यातलं एक बोट अर्धंच होतं. मग पंजानं त्याचा पंजा एकदम घट्ट धरला.

"झालं तर मग," असं म्हणत धर्मपाल खुशीनं वळला.

किसनराव त्याच्यापासून चार हातांवर, पानदानापाशी बसले होते. एका हातात सुपारी होती आणि दुसऱ्या हातात अडकित्ता. दोन्ही हातांची दहाही बोटं शाबूत होती.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. "मी तं अजून हात घातलाच नाही."

पलीकडून उपरणं सपाट पडलेलं होतं. धर्मपालचा हात त्याखाली एकटाच होता.

त्यानं अडखळत सांगितलं. बोली सांगितली, अर्ध्या बोटाचंही सांगितलं. किसनरावांनी अडकित्ता खाली ठेवला. 

"जिनाच्या रुळात गेलं होतं दादाचं बोट," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमच्या आधी तिघं आले साहेब. त्याहिले हात देल्ला नाही त्यानं. तुमाले देल्ला. आता मी कोण नाही म्हणणारा... घेऊन जा."

अशा वेळी शहाण्या माणसानं उठून चालू लागावं. पण गाडी निम्म्या भावात पडत होती, दसरा तीन आठवड्यांवर आला होता, आणि भूत नसतं हे धर्मपालला माहीत होतं. हात बधिर झाला असेल, म्हातारा गंमत करत असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत काढली. त्यानं पैसे दिले.

रहमतुल्ला कपड्याला हात पुसत आला. "गाडी चांगली हाये. इंजन एकदम साफ. तुमी घेऊन चाला साहेब, मी रेल्वेनं येतो."

"काहून? सीट रिकामी आहे ना."

रहमतुल्लानं डाव्या सीटकडे पाहिलं. बघता बघता तो दोन पावलं मागे सरकला. "हाये ना," असं पुटपुटून तो स्टेशनच्या रस्त्याला लागला.

धर्मपाल एकटाच मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून घरी आला. वाटेत काही घडलं नाही.

दसऱ्याला सकाळी सहा वाजता त्यानं मायला हात धरून गाडीत बसवलं. ती सहज बसली. त्याला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

"सीट गरम लागून राहिली रे बाबू," जाईबाई म्हणाली. "आत्ताच कोणी उठून गेल्यावानी."

"उन्हात होती ना, माय."

गाडी रात्रभर टिनाच्या शेडमध्ये होती आणि ऊन अजून अंगणात उतरलं नव्हतं. पण तो बोलून गेला खरा.

तिवसा, तळेगाव, कोंढाळी. जाईबाई लहान पोरीसारखी दोन्हीकडे बघत होती. नागपूरच्या मैदानावर ती हात जोडून तासभर उभी राहिली. गुडघ्यानं एकदाही कुरकुर केली नाही. परतताना म्हणाली, "आता मेली तरी चालते." सगळ्याच म्हाताऱ्या असं म्हणतात, म्हणून धर्मपालनं ते मनावर घेतलं नाही.

गाडीच्या कागदांवर एक सही राहिली होती. कार्तिकात तो त्यासाठी, पेट्रोल वाचावं म्हणून बसनं, अकोल्याला गेला. किसनरावांनी सही केली आणि मान वर न करता विचारलं, "एक सांगा साहेब. दादानं बोली वाढवली होती?"

"नाही. पहिल्याच बोलीला पंजा धरला."

"नुसत्या पैशासाठी दादा जन्मात पहिल्या बोलीले कबूल झाला नव्हता. त्याच्या हातात हात देल्ला की समोरच्याच्या मनातलं त्याले समजे. म्हणून तं एवढा मोठा दलाल झाला तो. पैशाच्या वर काही मिळून राहिलं असंन, तवाच तो असा झटक्यात पंजा धरे." आता त्यांनी मान वर केली. "त्या वक्ताले तुमच्या मनात काय होतं?"

धर्मपालनं कागद घडी करून खिशात घातले. बसमध्ये बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपला उजवा हात आपण सारखा धोतरावर पुसतोय.

त्या दिवसापासून त्यानं मायला गाडीत बसवलं नाही. स्वतःही बसला नाही. विकायला काढली, पण गिऱ्हाईक मिळेना. जाईबाईला धाकट्या बहिणीकडे, सुंदराबाईकडे, बाळापूरला जायचं होतं. नऊ वर्षांत भेट नव्हती. हुरड्याचं बोलावणं आलं होतं.

"गाडी बिघडली, माय."

"मंग रहमतुल्लाले बोलाव ना."

"बोलावतो."

असं महिनाभर चाललं. मायशी खोटं बोलायची धर्मपालला सवय नव्हती. सायकलवर ऑफिसला निघताना तिच्याकडे बघायचीही त्याला लाज वाटे. खोटं कशासाठी बोलतोय हे तर त्याला स्वतःशीही कबूल करायचं नव्हतं. तो किल्ली खिशात ठेवी आणि शेडला कुलूप लावी. जाईबाई दारात बसून त्या कुलपाकडे बघत राही.

पौषातल्या एका शनिवारी ऑफिसातून तो दिवस मावळायच्या आत परतला. दारात माय नव्हती. शेडचं कुलूप जसंच्या तसं होतं. आतून मात्र बांगड्या वाजल्या.

त्यानं कुलूप काढलं. जाईबाई डाव्या सीटवर बसली होती. नवं लुगडं, केसांत धूळ, चेहरा उन्हानं रापलेला. मांडीवर फडक्यात ज्वारीचा हुरडा होता. त्यातून अजून वाफ निघत होती.

"माय... तू इथं कशी?"

"कशी म्हंजे? सुंदराले भेटून नाही आलो काय आपण? लय रडली बिचारी." ती हसली. "तूच तं सकाळी हात धरून बसवलं."

धर्मपालनं बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला.

"उतर माय. उतर आधी." त्यानं तिचा हात धरून ओढलं. वाळकी, हलकी म्हातारी. पण ती तसूभर हलली नाही.

"थांब बाबू. अशी वढू नको."

मग तिनं मान वळवली. उजवीकडे स्टिअरिंगमागे कोणी नव्हतं. तिकडे ती थोडा वेळ कान देऊन ऐकत राहिली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला, नव्या घरी आलेल्या सुनेनं घ्यावा तसा, आणि खालच्या आवाजात म्हणाली, "हो जी... बसलीच आहो मी. चाला."