रडण्याला जबाब

बोरी अरबच्या पुढच्या तांड्यात, भर दुपारी, धनीबाईनं बाभळीखाली सतरंजी अंथरली. बबितानं मोबाईल रेकॉर्डिंगवर लावला.

बबिता कॉलेजात इतिहास शिकवायची. दोन भावांनी गादीसाठी केलेल्या जुन्या लढाईवर तिचा प्रबंध होता. दोन्ही फौजांना धान्य पुरवलं लमाणांच्या बैलांनी, आणि दोन्ही फौजांनी जाळला तोही लमाणांचाच तांडा! बखरीत सरदारांच्या घोड्यांचीसुद्धा नावं. जळालेल्या बायांचं एक नाही. "पुरावा आणा," गाईड चहा ढवळत म्हणाले होते. बबिताचं डोकं फिरलं होतं. त्या बाया तिच्याच घरच्या. त्यांची नावं आता फक्त तिच्या म्हाताऱ्या आजीच्या, धनीबाईच्या रडण्यात उरली होती. ती गेली की संपलं सगळं.

तांड्यात बायका भेटल्या की गळ्यात पडून सुरात रडतात. एकीनं रडून थांबायचं, दुसरीनं रडूनच जबाब द्यायचा. शेवटी पाणी पाजायचं.

धनीबाईनं बबिताला कवटाळून सूर लावला. थांबली. होस्टेलात वाढलेल्या बबिताला जबाब कुठला यायला? तिचं लक्ष बॅटरीकडे.

"दादी, रडनं राहू दे ना. नुसती नावं सांग."

धनीबाईचे हात सैल पडले.

"रडनं मधातच कायले तोडलं, पोरी? जबाब नाही भेटला, तर त्या बाया कुठी जातीन आता?"

तिनं तोंड फिरवलं आणि पुन्हा सूर धरला. रडायची, थांबायची, मान हलवायची. बबितानं कितीतरी प्रश्न विचारले. म्हातारी बघेचना. रुसली असेल, दुसरं काय!

वैतागून बबितानं रेकॉर्डिंग थांबवून ऐकलं.

धनीबाईचा सूर. मग तिचं थांबणं.

त्या थांबण्यात बाया रडत होत्या. दाटीवाटीनं. आपापली नावं सांगत होत्या.

नावं मिळाली! बबिता हरखली. मग तिनं पुन्हा सुरुवातीपासून ऐकलं.

तिचा एकही प्रश्न त्यात नव्हता. प्रश्नांच्या जागी नुसता शेजारच्या कपाशीतला वारा.

तिनं घाईनं नवं रेकॉर्डिंग सुरू केलं. "दादी!"

स्क्रीनवरची आवाजाची रेघ सपाट.

"दादी, मी बबिता!"

सपाट.

धनीबाईनं डोळे पुसले. पाण्याचा लोटा सतरंजीवरच्या रिकाम्या जागेपुढे सरकवला.

"आपली बबिता कुठी गेली वं?"

म्हातारी बोलायची थांबली, तरी रेघ उसळत राहिली.

धनीबाईनं नीट ऐकून घेतलं. मान हलवली.

"असं का? मंग तिचंबी नाव घेतो रडन्यात."