उजव्या सीटचा माईक

मी स्वतः हजर होतो, म्हणून सांगतोय. कुणाच्या मामाच्या मित्राला आलेला अनुभव नाही हा. ज्याला पटणार नाही त्यानं इथंच थांबावं.

दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. अमेरिकेतल्या नेब्रास्कात, लूप नदीकाठी माझ्या बहिणीचं शेत आहे, तिथं घडलं. आणि रात्र नव्हती बरं का... लख्ख ऊन होतं.

मी डुएन. धंद्यानं इलेक्ट्रिशियन. लव्हॉन माझी थोरली बहीण, लेलंड तिचा नवरा. दोघं अकरा वर्षं शेतावरच्या शेडमध्ये विमान बांधत होते. खरंखुरं, दोन माणसांचं. लेलंड बाहेरून पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकायचा आणि लव्हॉन आत शिरून त्यामागं लोखंडी ठोकळा धरायची. अर्धं विमान तिच्या हातचं. तिला त्यात बसून एकदा, फक्त एकदा, वर जायचं होतं.

विमान पहिल्यांदा उडालं तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. फुप्फुसाचा कॅन्सर. बर्फ पडेपर्यंत काढेल, असंही डॉक्टर म्हणत नव्हते.

आणि घरी बांधलेल्या विमानाला आमच्याकडे नियम असा, की पहिले चाळीस तास वैमानिकानं एकट्यानंच उडवायचं. शेजारी कुणाला घ्यायचं नाही.

"कोण बघतंय इथं? मक्यातले कावळे?" मी लेलंडला म्हणायचो. "बसव ना तिला!"

"आणि वर काही तुटलं तर? माझ्या हातून जाऊ दे तिला?" तो चिडायचा. "चाळीस म्हणजे चाळीस."

शेवटच्या तासांत दुसऱ्या माणसाचं वजन घेऊन विमान कसं वागतं ते बघतात. त्यासाठी उजव्या सीटवर वाळूच्या पिशव्या पट्ट्यानं बांधायच्या. सगळेच बांधतात. लेलंडनं वाळू लव्हॉनच्या वजनाइतकी भरली. आजारपणाआधीच्या वजनाइतकी. तिला हसवायला म्हणून वर तिचं जाकीट चढवलं, तिचा माईकवाला हेडफोन घातला आणि फोटो काढून तिला दाखवला.

"दुसरी केलीस होय रे मेल्या!" लव्हॉन म्हणाली. "माझ्यापेक्षा कमी बोलते, तेवढं बरंय."

आम्ही तिघंही पोटभर हसलो.

त्याच दुपारी लेलंड अर्ध्यातून परत आला.

"इंटरकॉम बिघडलाय. उजवा माईक आपोआप उघडतोय."

विमानातल्या दोघांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून असलेल्या त्या इंटरकॉमचा माईक जवळ कुणी बोललं तरच उघडतो. नुसताच उघडा राहिला तर इंजिनाची घरघर वैमानिकाच्या कानात भरते आणि रेडिओवर इतर विमानांचं बोलणं ऐकू येत नाही. तसं उडणं म्हणजे जिवाशी खेळ.

जमिनीवर इंजिन चालू करून पाहिलं. तारा हलवून पाहिल्या.

शांत.

हेडफोन बदलला. वर गेला... परत तेच.

इंटरकॉमचा अख्खा डबा बदलला. परत तेच.

मग वाळूवरचा हेडफोनच काढून टाकला. आता उजवीकडे माईकच नव्हता.

लेलंड उतरला तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता.

"घरघर नाहीये ती," तो म्हणाला. "कुणीतरी... श्वास घेतंय."

दिवस वाया चालले होते. लव्हॉनला पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. "किती राहिले रे?" एवढंच विचारायची. मी विमानात उताणा पडून तारा तपासायचो आणि रडायचो. लाज कसली सांगायला? रडायचो.

शेवटी मी उजव्या बाजूची तार मुळापासून कापली.

दुसऱ्या दिवशी लेलंड वर गेला आणि बराच वेळ आला नाही. उतरला तो हसत.

"झाला ना बंद?"

"राहू दे आता. हात लावू नकोस त्याला."

त्या संध्याकाळी तो बायकोजवळ फिरकला नाही. शेडमध्येच जेवला.

मग शेवटचा तास आला. उतरला की लव्हॉनला उचलून नेणार, म्हणून मी तिला जाकीट घातलं, बूट चढवले. पलंगाशी विमानाशी बोलताही येतं असा छोटा रेडिओ लावून बसलो. लेलंड वळताना, उतरताना रेडिओवर सांगायचा, ते ऐकायला तिला आवडायचं.

रेडिओ खरखरला.

"नदीवरून वळतोय," लेलंड म्हणाला.

आणि त्याच्या मागून...

बाईचा आवाज.

"अजून वर ने ना, ली."

त्याला 'ली' म्हणणारं जगात एकच माणूस होतं.

मी लव्हॉनकडे पाहिलं. ओठ मिटलेले. डोळे सताड उघडे. तिनं माझं मनगट गच्च धरलं.

"डुएन... ती मी नाहीये."

मी रेडिओत ओरडलो, "लेलंड, खाली ये! लव्हॉन इथं आहे, माझ्याजवळ!" आणि रेडिओ तिच्या तोंडाशी धरला. होता नव्हता तेवढा जीव एकवटून ती म्हणाली, "ली, अरे मी बोलतेय. ये ना. मला न्यायचंय ना तुला?"

रेडिओ परत खरखरला.

"कोण बोलतंय?" लेलंड म्हणाला. "माझी बायको माझ्या शेजारी बसलीय."

तो उतरला. खिडकीतून आम्हा दोघांना दिसत होतं. तो वळसा घालून विमानाच्या उजव्या बाजूला गेला. हात पुढे केला. कुणाला तरी कोपराला धरून उतरवावं तसा. मग हळूहळू, बोलत बोलत शेडमध्ये गेला.

मी धावलो. त्याला गदागदा हलवलं. पाया पडायचंच बाकी ठेवलं. "अरे, चाळीस झाले! बूट घालून वाट बघतेय ती! चल!"

"आत्ताच फिरवून आणलं तिला," तो कुजबुजला. "दमलीय. हळू बोल."

लव्हॉन त्याच आठवड्यात गेली. वर न जाता. शेवटपर्यंत तिनं पायातले बूट काढू दिले नाहीत.

दफनाला लेलंड आला नाही. निरोप दिला तर म्हणाला, "कुणाचं दफन?"

अजून शेतावर राहतो. हवा चांगली असली की उडतो. विमानाची घरघर ऐकू आली की मी घरातला रेडिओ बंद करतो.

ते काय आहे, मला माहीत नाही. पण आवाज माझ्या बहिणीचा आहे. एखाद्या दिवशी त्या आवाजानं मला "डुएन" म्हणून हाक मारली तर...

मी ओ देईन. कळत असूनही देईन.