अण्णांचं हसू

त्र्याण्णवच्या श्रावणात सांगलीत पाऊस कोसळत होता आणि फोटो स्टुडिओला कुलूप होतं. अण्णांचा फोटो छातीशी धरून मी शेजारच्या पत्र्याखाली शिरले. आत एक तरुण पेंटर पायाच्या बोटांत ब्रश धरून रंग कालवत होता. सदऱ्याच्या दोन्ही बाह्या रिकाम्या.

"विजेच्या तारेनं हात नेले," माझी नजर पाहून तो म्हणाला. "बाकी सगळा नागसेन हितंच हाय. फोटो मोठा करायचाय? चित्र काढून देतो की."

कामानिमित्त सांगलीला आले होते, आणि अण्णांचा, माझ्या वडिलांचा, पहिला स्मृतिदिन जवळ आला होता. साताऱ्यातल्या माझ्या खोलीत, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी त्यांचं चित्र हवं होतं. तिथे मी एकटीच राहत होते. मी फोटो दिला.

पुन्हा गेले, तेव्हा समोरचा चहावाला नानासो धावत आला. "पायानं काढलंय, ताई! लय भारी!"

टोपी, कॉलर, कपाळ... सगळं फोटोसारखंच. तरीही –

"हे अण्णा नाहीत," मी म्हणाले.

नानासो ओशाळला. नागसेनचा चेहरा मात्र उजळला.

"लोक माझ्या पायाकडं बघत्यात आन वा वा करत्यात. चूक कुणीच काढत न्हाई. बोला, काय चुकलं?"

"ओठ. अण्णा कायम हसू दाबल्यासारखे दिसायचे. मीही तशीच हसते म्हणे."

"मग हसा."

"हल्ली नाही जमत."

"मग मलाबी न्हाई जमायचं."

एका पायात ब्रश, दुसऱ्यात रंगाची ताटली घेऊन तो वाट बघत बसला. पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. इतक्यात त्याच्या नाकावर डास बसला. त्यानं फुंकर मारली, मान झटकली, डास हलेना.

"नानासो, हाकल की रं ह्याला! दोन्ही पाय कामावर हायत, ह्याला हाणू कशानं?"

मला हसू फुटलं.

"थांबा! तसंच ऱ्हावा!" त्याचा ब्रश चालू लागला. हसता हसता माझे डोळे भरले. ते त्यानं पाहिलं आणि ब्रश चालूच ठेवला.

मग मी रविवारची एसटी धरू लागले. कधी भुवई चुकलेली असायची, कधी हनुवटी. "लय चुका काढता बाई तुमी," तो म्हणायचा आणि खुशीत पुसून पुन्हा काढायचा.

स्मृतिदिनाआधीच्या रविवारी त्यानं विचारलं, "आता?"

अण्णा हसू दाबत माझ्याकडे बघत होते. काहीच चुकलं नव्हतं. पण तसं म्हटलं की चित्र घेऊन निघायचं... परत यायला निमित्त उरणार नव्हतं.

"कान..." मी म्हणाले.

तो चित्राकडे वळलाच नाही. "कान बरोबर हायत, नीलिमा." पहिल्यांदाच त्यानं मला नावानं हाक मारली.

"माहीत आहे मला."

"मग येवढ्या लांबनं पुन्हा कानासाठी येणार?"

"कानासाठी नाही."