अंतोबाचं दुसरं चाक

"अंतोबा नाय! कुनी उचलून नेला गं!"

कोंडी धापा टाकत ओरडली, तसे सुरभी आणि ऋतिक आकाशकंदिलाचे कागद तिथेच टाकून धावले. उद्या वाघबारस! सगळी वाडी पूजेला जमणार आणि देवाच्या जागी नुसता खड्डा! मातीत दगडाचा तुटलेला कोपरा तेवढा राहिला होता. त्यावर एक चाक कोरलेलं होतं.

अंतोबा म्हणजे दगडात कोरलेला, टोपी घालून तोफेशेजारी उभा असलेला शिपाई. शाळेतल्या बाई सांगायच्या, हा मूळचा अंतोनियो, पेशव्यांच्या फौजेत पगारावर आलेला फिरंगी गोलंदाज. वाडीने त्याला शेंदूर लावला आणि त्याचा अंतोबा झाला.

टेंपोच्या चाकांच्या खुणा थेट प्रवीणशेठच्या नव्या फार्महाऊसवर गेल्या होत्या. फाटकाशी, कुंड्यांच्या मधोमध अंतोबा! तोही शेंदूर खरवडलेला! कोंडीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"हा आमचा आहे!" ऋतिक भडकला.

"चल रे! राजस्थानातून विकत आणलाय," शेठ खेकसले. "आणि तुमचा कसला? टोपी बघा, पैशासाठी लढणारा परदेशी तो!"

ऋतिक पुढे सरसावला. सुरभीने त्याचा शर्ट धरून ठेवला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "काका, तोफेला एकच चाक कसं? दगड तुटलाय का?"

"तुटेल कसा? अख्खा आहे! तिकडे एकाच चाकाची तोफ कोरतात."

"सरपंचांसमोर सांगाल?"

"कुणासमोरही सांगेन!"

संध्याकाळी सरपंच दशरथमामा आले, मागोमाग सगळी वाडी. शेठनी एका चाकाची गोष्ट पुन्हा ऐटीत सांगितली. ती संपताच ऋतिकने डोक्यावरचं घमेलं उतरवलं. कोंडीने त्यातला तुकडा उचलून दगडाला लावला. बरोब्बर बसला! तोफेला दोन चाकं झाली!

"मला वाटलं... पडीक दगड..." शेठ पुटपुटले.

"पडीक?" कोंडी कडाडली. "शेंदूर खरवडताना दिसला नाय? पगारासाठी आला आसंल तो, पन मेला आमच्या मातीत. आमचाच हाय!"

अंतोबा शेठच्याच टेंपोतून वाडीवर परत गेला. चढावर टेंपो अडकला, तेव्हा मागून शेठनाही ढकलावं लागलं!

"शाब्बास रं पोरांनो!" दशरथमामांनी तिघांची पाठ थोपटली. "गोलंदाज गप उबा व्हता, तोफ तुमी डागलीत!"

सकाळी पूजेला पहिला शेंदूर कोंडीने लावला. दुसऱ्या चाकाला!