तिसरी हाक

ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावं. पण हे घडलेलं आहे.

साल १९८८. अंधेरी पूर्व, सीप्झमधल्या एका कंपनीची मशीनरूम. आणि वेळ रात्रीची नव्हे… तिन्हीसांजेची.

मुलुंडची जया शेजवळ फिजिक्सची एमएस्सी. मोजल्याशिवाय कशालाच खरं न मानणारी. तिच्या शेजारच्या टेबलावर दत्ताराम तावडे. मूळ कुडाळचा, घाटकोपरला आईबरोबर राहणारा, तोंडाचा फटकळ.

दोघांच्या गळ्यात एकच दुखणं पडलं होतं.

कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर एक मुख्य प्रोग्राम चाले. एकच यंत्र पाळीपाळीने वाटून देऊन तो अनेक यंत्रांचा भास उभा करी. अशा एका भासाच्या यंत्रात चार प्रोसेसर होते. यंत्र सुरू झालं की पहिला बाकीच्यांना हाक मारी. दोन हाकांत उत्तर आलं तर हजर. नाही आलं तर मेला असं धरून तो त्याची जागा पुसून टाकी.

चौथा रोज मरायचा.

"मरत नाही गं तो," दत्ताराम म्हणाला. "त्याची पाळीच आलेली नसते. बिचाऱ्याला हाक ऐकू यायच्या आत पहिल्याने त्याचं तेरावं उरकलेलं असतं!"

मशीनरूमच्या दाराबाहेर यंत्राचे निरोप छापणारा कन्सोलचा टाइपरायटर होता. त्यावर उमटणारे शब्दही त्यानेच गमतीने घातले होते. रोमन अक्षरांत 'हजर' आणि 'मेला'.

"तिसरी हाक घालू या," तो म्हणाला. "आमच्यात तिन्हीसांजेला तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नाहीत. पहिल्या दोन कुणाच्याही असू शकतात."

"म्हणजे भुताच्या?"

"हस तू. लहानपणी पटकन ओ दिली की आई थोबाडायची. अजून तोंड उघडत नाही माझं."

"प्रोग्राममध्ये भुतं घालू नको यार. दोन हाका पुरतात. आधी त्याला उशीर किती होतो ते मोजू."

ते मोजायचं राहूनच गेलं.

एका शुक्रवारी बाहेर तिन्हीसांज होत आली होती. जया मशीनरूमच्या दाराशी आली, तर आत फरशीखालच्या केबलमधून धूर येत होता.

भिंतीवर नियम लावलेले होते. आत कुणी आहे का, हाक मारून बघा. दार लावा. लाल मूठ ओढा. मूठ ओढली की खोलीत गुदमरवणारा गॅस भरायचा आणि आग विझायची. गॅस थांबेपर्यंत दार आपोआप कुलूपबंद राही.

"दत्ता!"

एसीची घरघर…

"दत्ता!"

काहीच नाही. चहाला गेला असेल. धूर वाढत होता, तिचे डोळे चुरचुरायला लागले.

तिने दार लावलं. मूठ ओढली.

फस्स…

आणि मग… दाराच्या काचेवर आतून पंजा आपटला.

टेपच्या कपाटांमागून दत्ताराम आला होता. चेहरा काचेला चिकटलेला. ओठ गोल झालेले… ओ देताना होतात तसे.

आवाज बाहेर आला नाही.

जया दार ओढत राहिली. तो पंजा काचेवरून हळूहळू खाली घसरला.

तेरावं झाल्यावर त्याची आई, द्रौपदीबाई, कंपनीत आली. तिला जागा बघायची होती. मशीनरूम पुन्हा चालू होती. गिऱ्हाईक थांबणार नाही म्हणून साहेबांनी चौथा प्रोसेसर काढून टाकला होता. यंत्र तिघांवर चाललं होतं… आणि अगदी झकास चाललं होतं.

म्हातारी दाराशी उभी राहिली. बाहेर तिन्हीसांज झाली होती.

"हाक मारलंस ना गे, बाय?"

"मारली, आई."

"कितके?"

"दोन."

म्हातारीने सावकाश स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. एकदा. पुन्हा एकदा.

"मियाच शिकवलंय तेका…"

जयाने तिचे हात धरले. ते सोडवून घेत म्हातारी खोलीकडे वळली आणि कुडाळच्या अंगणातून मारावी तशी हाक मारली.

"दत्ताऽऽ!"

एसीची घरघर…

मग बाजूचा कन्सोल खडखडला. आपोआप. एकच ओळ.

"काय लिवल्यान गे?"

जयाने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. चौथा प्रोसेसर यंत्रात नव्हता. तो काढताना ती स्वतः तिथे उभी होती.

"चार… हजर."

म्हातारीचा चेहरा उजळला. काचेला नाक लावून ती आत बघत राहिली. बराच वेळ. मग लहान मुलासारखी जयाकडे वळली.

"मगे तो भायर कित्याक येणा नाय?"

ती ओळ कुठून आली हे जयाने पुढे कित्येक महिने शोधलं. सापडलं नाही.

जया अजून मुलुंडलाच असते. संध्याकाळी मुलीला हाक मारायची तर सलग तीनदा मारते, मध्ये श्वास न घेता. मुलगी हसते.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या हाकेनंतर जयाला ठसका लागला. थांबावं लागलं.

आतल्या खोलीतून मुलगी म्हणाली, "आई… काच कोण वाजवतंय गं?"